आधी कान, मग डोळे

सकाळी ६

उठल्याबरोबर हवेचा निर्देशांक पाहते. नोव्हेंबरात नोएडातल्या आमच्या धंद्याचे वेळापत्रक हवाच ठरवते. ग्रॅपची, म्हणजे हवाप्रदूषणावरच्या टप्प्याटप्प्याच्या निर्बंधांची, पायरी चढली की धूळ उडवणारी कामे थांबतात, डिझेल जनरेटरवर बंधने येतात, आणि वीज गेली तर शेडमधले राउटर मशीन जागच्या जागी उभे राहते. आज हवा वाईट आहे, पण बंदी नाही. म्हणजे काम होणार.

त्यानंतर कानाला हेडफोन लावून बालगंधर्व ऐकते. चहाच्याही आधी. दिवसभर कटरचा आवाज कानावर आदळला की संध्याकाळपर्यंत बारकावे कळेनासे होतात. म्हणून ऐकायचे काम पहाटे, कान ताजे असताना.

प्रदर्शने, संग्रहालयांची दालने, मांडण्या यांचे आराखडे करणे हा माझा व्यवसाय. सध्या हातात आहे ते 'संगीत स्वयंवर'. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने १९१६ मध्ये रंगभूमीवर आणले. चाली भास्करबुवा बखल्यांनी दिल्या आणि रुक्मिणी बालगंधर्वांनी केली. या नाटकाभोवती नोएडातल्याच एका कलादालनासाठी आम्ही मांडणी उभारत आहोत. प्रेक्षकाने नुसती पाहून पुढे जावे अशी ती नाही, त्याने तिच्यात शिरून बसायचे आहे. चार दालने, एका वेळी वीस माणसे, पंधरा मिनिटांचा फेरा. येणाऱ्यांतल्या बहुतेकांना मराठी येणार नाही. कित्येकांनी नाट्यपद हा प्रकार आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलेला असेल.

माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की आहे आणि दिवसभर मी तिच्याच मागे असते: या मांडणीत कान पहिला, डोळा दुसरा. संगीत नाटक बघायला लोक जात, पण रात्र रात्र बसत ते ऐकण्यासाठी.

सकाळी ८.१५

मेट्रोच्या ब्लू लाइनवर सेक्टर ३४ ला बसले की इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत बसायला जागा मिळते, कारण सकाळची गर्दी उलट दिशेला, दिल्लीकडे जाणारी. या वेळात मी भिंतींवरचा मजकूर लिहिते. प्रत्येक फलकाला साठ शब्दांची मर्यादा घातली आहे. उभ्याने वाचणारा माणूस त्याहून जास्त वाचत नाही.

आजचा फलक पहिल्या दालनातला. नोएडाच्या माणसाने इथे का थांबावे, हे त्यात सांगायचे आहे. सांगण्यासारखे खूप आहे. अमानत यांनी 'इंदरसभा' लिहिले ते लखनौमध्ये, १८५० च्या दशकात. त्याचा पारशी कंपनीने केलेला प्रयोग पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी पाहिला, आणि आपल्या भाषेत असे काही करावे ही ऊर्मी त्यांना आली. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला. पुढे 'स्वयंवर'ला चाली देणारे भास्करबुवा शिकले ते फैज महंमद खाँ, आग्र्याचे नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे. अल्लादिया खाँसाहेबांचे घराणे अत्रौलीचे. हे गाव अलीगढ जिल्ह्यात आहे. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला बसणारे अहमदजान थिरकवा मूळचे मुरादाबादचे. रुक्मिणी ज्या शालूत उभी राहायची, तो शालू बनारसचा.

लखनौ, आग्रा, अत्रौली, मुरादाबाद, बनारस. ही पाचही गावे उत्तर प्रदेशात, म्हणजे नोएडाच्याच राज्यात. या मातीतून गेलेले गाणे मराठीत वाढले आणि आता पाहुणे म्हणून नव्हे, घरचे म्हणून इथे परत येते आहे. साठ शब्दांत एवढेच लिहिले, हिंदीत आधी आणि मराठीत नंतर. हिंदी आधी लिहिले की मजकूर आपोआप प्रेक्षकाच्या बाजूने होतो. मराठीत लिहायला बसले की 'आपल्याला माहीतच आहे' असे धरून बऱ्याच गोष्टी सुटतात.

सकाळी ९.१५

सेक्टर ६३ मधली शेड. पत्र्याचे छत, एका बाजूला प्लायवूडच्या थप्प्या, दुसऱ्या बाजूला वेल्डिंग. छठला गावी गेलेले कारागीर परत आले आहेत, त्यामुळे शेड पुन्हा भरली आहे. आणलेला ठेकुआ अजून डब्यांत आहे, प्रत्येकाच्या डब्यातला एक खावाच लागतो.

आज रंगवायचा पडदा उभा राहतो आहे. जुन्या संगीत नाटकांत देखाव्यांचे रंगवलेले पडदे असत: रस्ता, अरण्य, राजवाडा, दरबार. ते वरच्या दांड्याला गुंडाळलेले असत आणि दोरीने खाली सोडले जात. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी अशा पडद्यांत मोठे नाव कमावले होते. आमचा पडदा कुंडिनपूरच्या राजवाड्याचा, रुक्मिणीचे वडील भीष्मक राजा यांच्या घराचा. सहा मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच.

हे काम छापून घेता आले असते. छापील कापड दोन दिवसांत आले असते, स्वस्तही पडले असते. मी हाताने रंगवून घ्यायचा आग्रह धरला, कारण छपाईच्या शाईला किंचित चकाकी असते आणि पिवळ्या दिव्यात ती लगेच ओळखू येते. रंगवणारे उस्ताद पूर्वी सिनेमाचे होर्डिंग रंगवत. फ्लेक्स आल्यावर ते काम संपले आणि ते दुकानांच्या शटरांवर नावे लिहू लागले. त्यांच्या हाताला मोठ्या मापाची सवय आहे. जवळून पाहिले तर नुसते डाग दिसतात, दहा पावले मागे आले की तोच डाग खांबाचा उजेड होतो.

पहिले काम सूत मारायचे. निळीत बुडवलेला दोरा दोघांनी दोन टोकांना ताणून धरायचा, मधोमध चिमटीत उचलून सोडायचा. कापडावर फटकन सरळ निळी रेघ उमटते. राजवाड्याच्या कमानींच्या सगळ्या तिरक्या रेघा एका बिंदूकडे जाणार. तो बिंदू किती उंचीवर घ्यायचा, यावर आम्ही थांबलो.

"मॅडम, आँख की ऊँचाई पाँच फुट रख दूँ?" उस्तादांनी विचारले.

"नाही... नहीं उस्ताद, चार फुट. लोग बैठकर देखेंगे."

दालनात आम्ही बाके टाकली आहेत. बसलेल्या माणसाची नजर साधारण एक मीटर वीस सेंटिमीटरवर असते. क्षितिजरेषा तिथे घेतली तरच बसल्यावर राजवाडा समोर उघडतो. उभ्याउभ्या बघून जाणाऱ्याला तो जरा बसका वाटेल, आणि तसाच वाटायला हवा. इथे बसायचे आहे, हे पडद्यानेच सांगावे. उस्तादांनी दोरा खाली घेतला आणि दुसरी रेघ मारली.

सकाळी ११

पॉलिशचे काम. पडद्याच्या दोन्ही बाजूंना सागवानी चौकट येते. तिला पीयू (पॉलियुरेथेन) मारू नका, चपड्याचे पॉलिश करा, असे मी सांगितले होते. पीयूचा थर काचेसारखा दिसतो. चपड्याचे पॉलिश लाकडात मुरते आणि मंद दिव्यात ऊबदार दिसते.

पॉलिशवाले कारागीर झारखंडचे. चपडा म्हणजे लाख, झाडावरच्या किड्यापासून मिळणारी. तिच्या चकत्या ते स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून ठेवतात, सकाळी मलमलीच्या फडक्यातून गाळतात, मग कापसाचा बोळा कापडात बांधून लाकडावर हलक्या हाताने गोल गोल फिरवतात. एक हात, वाळवण, पुन्हा एक हात. बोळा लाकडावर थांबला की डाग पडतो, म्हणून हात सतत फिरता ठेवावा लागतो.

मी त्यांना सांगितले, की ज्या तबकडीवरचे गाणे या चौकटीतून ऐकू येणार आहे, ती तबकडीही याच लाखेची. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांत दगडाच्या भुकटीला धरून ठेवणारा पदार्थ लाखच असे. हिंदुस्थानात तबकड्या दाबण्याचा कारखाना कोलकात्याला १९०८ मध्ये सुरू झाला, आणि लाख तर इथलीच. आमच्याकडे एका संग्राहकाने उसनी दिलेली तबकडी आहे. ती मी त्यांच्यासमोर धरली, तिच्या पृष्ठभागाला बोट लागू न देता. ते वाकून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "इस पर स्पिरिट मत लगाना मैडम, गल जाएगी." हे मला ठाऊक होते, पण ज्याचा हात रोज त्या पदार्थात असतो त्याच्याकडून ऐकले आणि तेच वाक्य तबकडीच्या फलकावर घ्यायचे ठरवले.

दुपारी १२

आवाजाची चाचणी. शेडच्या मागच्या खोलीत आम्ही तिसऱ्या, म्हणजे पद ऐकायच्या, दालनाची निम्मी प्रतिकृती उभी केली आहे. भिंतींवर पन्नास मिलिमीटर जाडीचे रॉकवूल, त्यावर काळे कापड, खाली जाड गालिचा. प्रदर्शनाच्या दालनात जिप्समच्या भिंतींवर आवाज आपटून घुमतो, शब्द विरघळतात. नाट्यपदात शब्द विरघळला तर निम्मे पद गेले.

आज वाद होता तो खरखरीचा. ध्वनितंत्रज्ञ नागपूरचा तरुण मुलगा, मन लावून काम करणारा. त्याने तबकडीवरची खरखर सॉफ्टवेअरने इतकी स्वच्छ केली होती, की पद काल रेकॉर्ड केल्यासारखे वाटत होते.

"ताई, बघा, एकही टिकटिक नाही."

"अरे, पण रुक्मिणीचा 'स' कुठे गेला?"

त्याने मूळ ध्वनी लावला, मग साफ केलेला, मग पुन्हा मूळ. स, श, च या वर्णांचा फुत्कार वरच्या कंपनसंख्यांत असतो आणि सुईची खरखरही तिथेच. खरखर काढायला गेले की वर्ण बोथट होतात. बालगंधर्वांचे मोठेपण ज्या गोष्टींत आहे, त्यात शब्दाचा लडिवाळ उच्चार फार वरचा. तो गेला तर उरतात फक्त सूर. खालच्या बाजूचेही तसेच. ध्वनिमुद्रणात विजेचा मायक्रोफोन आला तो १९२५ च्या सुमाराला. त्याआधी गायक भोंग्यापुढे उभा राहून गात असे, आणि भोंगा खर्ज पकडत नसे. म्हणून जुन्या मुद्रणांत डग्ग्याचा घुमारा जवळजवळ नसतोच. तो आपण सबवूफरने भरून काढला तर ऐकणाऱ्याला सुखद वाटेल, पण तो आपण घातलेला असेल.

शेवटी ठरले ते असे. मोठे ठोके आणि तडे काढायचे, बारीक खरखर राहू द्यायची, खालून काही भरायचे नाही. आणि स्पीकर प्रेक्षकांच्या चारी बाजूंना लावायचे नाहीत, फक्त समोर, पडद्याच्या मागे, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. त्या काळात रंगमंचावर ध्वनिक्षेपक नव्हता. आवाज एका माणसाच्या गळ्यातून निघून शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. शेवटच्या बाकावर बसून ऐकले. आवाज लहान होता, मान आपोआप पुढे झाली. हेच हवे होते. प्रेक्षकाने ऐकण्यासाठी थोडे पुढे झुकले पाहिजे.

दुपारी १.४५

शेडमध्येच जेवण. कारागिरांची डाळ-भात-चोखा, माझ्या डब्यात पोळी आणि मेथी. नोएडाला लोक कॉल सेंटर आणि उंच इमारतींचे शहर समजतात. पण या शहराला घडवण्याच्या कामाची मोठी परंपरा आहे. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार यांनी आपली शिल्पशाळा इथेच थाटली. १८२ मीटर उंचीच्या 'स्टॅच्यू ऑफ युनिटी'चे शिल्पकार ते. मोठ्या मापात काम करणारे वेल्डर, साचेवाले, रंगारी, सुतार या भागात एका हाकेवर मिळतात, म्हणून 'स्वयंवर'चे काम पुण्यात न होता इथे होऊ शकते.

दुपारी २.३०

कलादालनाच्या प्रतिनिधींबरोबर बैठक. त्यांचे म्हणणे सरळ होते. आजकाल लोक तिकीट काढून येतात ते चारी भिंतींवर चित्रे हलताना पाहायला. जमिनीवर फुले पडावीत, छतावर चांदणे यावे, कृष्णाचा रथ भिंतीभिंतीवरून धावावा. फोटो निघतील, फोटो पसरतील, लोक येतील. हे म्हणणे चुकीचे नाही. येणाऱ्या माणसाला आनंद मिळावा ही त्यांचीही इच्छा आहे.

मी हिशेब मांडला. आमचा प्रोजेक्टर सात हजार लुमेनचा. सहा मीटर रुंद पडद्यावर पूर्ण ताकदीने टाकला तर साडेतीनशेच्या आसपास लक्स उजेड पडतो. पहिल्या दालनात शालू आहे, आणि जुन्या रेशमावर पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत. त्या मंद उजेडातून आलेल्या डोळ्यांना हा झगझगाट बोचेल. दुसरे, आणि महत्त्वाचे: समोर काही हलत असले की कान मागे पडतो. हे मी आमच्याच दोन मांडण्यांत पाहिले आहे. लोक भिंतीकडे बघत फिरतात आणि नंतर विचारले, की गाणे कोणते होते, तर आठवत नाही.

मग मी काळोखाबद्दल बोलले. १८७६ मध्ये जर्मनीत बायरॉइटला रिचर्ड वॅग्नरचे नाट्यगृह उघडले. तिथे त्याने वाद्यवृंद रंगमंचाखाली दडवला आणि प्रेक्षागृहातले दिवे मंद करवले, म्हणजे रसिकांचे लक्ष एकमेकांच्या दागिन्यांवरून उठून गाण्यावर जाईल. त्यानंतर चारच वर्षांनी पुण्यात 'शाकुंतल' झाले. ऑपेरा असो की संगीत नाटक, प्रेक्षकाला आत ओढून घेण्याचे सर्वात सोपे साधन काळोख हेच आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

भाषेचा प्रश्नही निघाला. पदाचा अर्थ हिंदीत पडद्यावर चालवायचा का? १९८३ मध्ये टोरांटोच्या कॅनेडियन ऑपेरा कंपनीने रंगमंचाच्या वर भाषांतराच्या ओळी दाखवायला सुरुवात केली आणि ती पद्धत जगभर गेली. तीन तासांच्या ऑपेरात ती योग्यच. आपले पद तीन मिनिटांचे. अर्थ आधीच्या दालनात सांगू: ही रुक्मिणी आहे, भाऊ रुक्मीने तिला शिशुपालाला द्यायचे ठरवले आहे, तिचे मन कृष्णावर बसले आहे, आणि आता ती यमनात गाणार आहे. एवढे कळले की गाताना वाचायला काही नको.

तासाभराच्या चर्चेनंतर मार्ग निघाला. रथ राहील, पण शेवटच्या दालनात, रुक्मिणीहरणाच्या जागी, चाळीस सेकंद. फोटो तिथे काढावेत. तिसऱ्या दालनात प्रोजेक्टर तीस टक्क्यांवर राहील आणि त्याचे काम एकच: रंगवलेल्या राजवाड्यावर दिव्याच्या ज्योतीची हालचाल टाकणे. पद चालू असताना दुसरे काहीही हलणार नाही. मी हे इतिवृत्तात लिहून घेतले आणि सह्या घेतल्या. तोंडी ठरलेला काळोख उद्घाटनाच्या आदल्या दिवशी उजळतो.

दुपारी ४

आता या मांडणीतली माझ्या सर्वात जिव्हाळ्याची गोष्ट: वन्स मोअर.

७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटे मावतात. रंगभूमीवर मात्र पद तीन मिनिटांत संपत नसे. रसिक वन्स मोअर देत, आणि बालगंधर्व तेच पद पुन्हा घेत, पण तसेच्या तसे कधी घेत नसत. नव्या जागा, नव्या हरकती, एकाच शब्दावर वेगळा भाव. पद किती चालणार हे गायक आणि रसिक मिळून ठरवत. तबकडीने आपल्याला आवाज दिला, हा संवाद मात्र तिच्यात मावला नाही.

म्हणून आमच्या मांडणीत प्रेक्षकाला करता येण्यासारखी एकच गोष्ट आहे: टाळी. स्पर्शाचे पडदे नाहीत, बटणे नाहीत. तबकडी संपते, काळोख राहतो, आठ सेकंद काहीच होत नाही. तेवढ्यात टाळ्या आल्या तर पद पुन्हा सुरू होते. या वेळी ते आजच्या एका गायिकेने ऑर्गन, तबला आणि सारंगीच्या साथीने गायलेले, प्रत्येक वेळी निराळ्या विस्ताराचे. टाळ्या आल्या नाहीत तर दार उघडते आणि फेरा पुढे जातो. जुने कोणते आणि नवे कोणते, हे बाहेरच्या फलकावर ठळक लिहिलेले आहे. आजच्या आवाजाला कोणी बालगंधर्व समजू नये.

आजची चाचणी टाळी ओळखण्याची. छतातल्या दोन मायक्रोफोनना टाळी आणि इतर आवाज यांतला फरक कळला पाहिजे. मूल रडले, बाक सरकले, कोणी खोकले, तर पद सुरू होता कामा नये. प्रोग्रामरने अट घातली आहे, की एक ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात तुटक तुटक ठोके सलग तीन सेकंद आले पाहिजेत आणि ते दोन्ही मायक्रोफोनवर आले पाहिजेत. शेडमधले सगळे कारागीर आत बसवले. पद संपले. कोणी टाळी वाजवेना, सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग पॉलिशवाल्या कारागिराने वाजवायला सुरुवात केली आणि बाकीचे मागोमाग. पद पुन्हा सुरू झाले तेव्हा वेल्डर मुलगा एकदम ताठ बसला. "ये तो अलग गाया!" तो म्हणाला. त्याला मराठी येत नाही, नाट्यपद माहीत नाही. पुन्हा म्हटले आणि वेगळे म्हटले, हे त्याच्या कानाने त्याला सांगितले.

प्रोग्रामरला मी एकच बदल सांगितला: आठ सेकंदांचे बारा कर. पहिली टाळी वाजवायला माणसाला धीर लागतो.

संध्याकाळी ५.३०

पहिले दालन रंगपटाचे. आरसा, रंगाची पेटी, गजरा, दागिन्यांचा डबा आणि काचेमागे शालू. बालगंधर्वांच्या शालूंची, दागिन्यांची, केसांत फुले माळण्याच्या पद्धतीची त्या काळच्या घरंदाज बायकांनी नक्कल केली, हे सर्वश्रुत आहे. पुरुषाने उभी केलेली स्त्री बायकांना अनुकरणीय वाटली, ही गोष्ट आजच्या तरुण प्रेक्षकाला थांबवून विचार करायला लावते. तिथे फार मजकूर नको, आरसाच पुरेसा आहे.

या दालनात अत्तराचा वास असणार आहे. गंधर्व नाटक मंडळीच्या थाटात अत्तर-गुलाबपाण्याचा मोठा वाटा होता. आज कनौजहून नमुने आले. तिथे अजूनही तांब्याच्या देगीत फुले आणि पाणी तापवून त्याची वाफ बांबूच्या नळीने भपक्यात उतरवतात. भपक्यात चंदनाचे तेल असते, ते वास धरून ठेवते. मोगरा, गुलाब आणि खस यांच्या तीन कुप्या. बंद दालनात यंत्राने फवारलेला वास दहा मिनिटांत डोके दुखवतो, शिवाय दम्याच्या माणसाला त्रास होतो. म्हणून फवारा नाही. लाकडी खांबाला एक खोबण केली आहे, तिच्यात अत्तराचा फाया ठेवायचा. ज्याला वास घ्यायचा त्याने वाकावे. मोगरा ठरला.

लक्समीटरने शालूवरचा उजेड मोजला: अठ्ठेचाळीस. रॅम्पचा चढ बारास एक या प्रमाणात बसला, चाकाची खुर्ची सहज चढली. चाकाच्या खुर्चीची जागा मात्र आराखड्यात शेवटच्या बाकाच्या कडेला होती, ती मधल्या रांगेत आणायला लावली. कान सगळ्यांना सारखे आहेत.

रात्री ८

घरून पुण्याला फोन. साथीचा ऑर्गन वाजवणारे ज्येष्ठ वादक रोज याच वेळी मोकळे असतात. आज त्यांना विचारायचे होते ते पदाच्या आधीच्या सुरांबद्दल. प्रेक्षक बाकावर बसतो आणि तबकडी सुरू होते, त्यामधल्या वीस सेकंदांत काय ऐकू यावे?

"सूर भरून ठेव फक्त," ते म्हणाले. "पायपेटीचा असो की ऑर्गनचा, पण चाल वाजवू नकोस. चाल कळली की पदाची ओढ जाते."

"काका, तबला लावून घेतल्याचा आवाज ठेवू का?"

"ठेव की. हातोडीची टकटक ऐकली की कान जागे होतात. पूर्वी तिसऱ्या घंटेआधी तेच ऐकू यायचे."

उद्या हे मुद्रित करायचे. तबला स्वरात लावताना हातोडीचे ठोके, सारंगीचा गज एकदाच फिरलेला, ऑर्गनचा भरलेला सूर, मग काळोख.

रात्री ९.३०

शेवटचे काम कागदांचे. हक्कांचा तक्ता पूर्ण केला. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो आणि लेखकाचा मृत्यूनंतर साठ वर्षे. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, भास्करबुवा १९२२ मध्ये. त्यामुळे नाटक, चाली आणि जुन्या तबकड्या आता सगळ्यांच्या आहेत. आजच्या गायिकेचे आणि साथीदारांचे हक्क मात्र त्यांचेच, त्यांचे करार वेगळे आणि मानधन आगाऊ. जुने मोफत मिळते म्हणून नवे स्वस्तात मागू नये.

हा दिवस इथे संपतो. वाचकांना एक विनंती करते, कारण ही मांडणी मुळात एका घरात जपून ठेवलेल्या तबकडीमुळे शक्य झाली. तुमच्या आजोळी, माळ्यावर, जुन्या ट्रंकेत ७८ फेऱ्यांच्या तबकड्या असतील तर त्या रद्दीत देऊ नका. त्या आडव्या एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा. ऊन आणि उष्णता यांपासून दूर ठेवा. मऊ कोरड्या फडक्याने पुसा, स्पिरिट कधीही लावू नका, लाख विरघळते. जुन्या गंजक्या सुईने वाजवून पाहू नका. तबकडीच्या मधल्या कागदावरचे नाव आणि क्रमांक लिहून ठेवा, त्याचा फोटो काढा, आणि जाणकाराकडून तिचे डिजिटल मुद्रण करून घ्या. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० मध्ये मुंबईत याच कामासाठी सुरू झाली. तिथले संग्राहक तुम्हाला वाट दाखवतील. पडदे पुन्हा रंगवता येतात, शालू पुन्हा विणता येतो. फुटलेल्या तबकडीवरचा आवाज पुन्हा मिळत नाही.